ओठांशी आणलेलं पाणी

तहानलेल्या माणसानं ओठांशी आणलेलं पाणी न पिता खाली ठेवावं, याहून मोठी श्रद्धेची खूण मानवजातीला अजून सापडलेली नाही. हे वाक्य माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. ते त्यांनी एका दुपारी आमच्या माडीवर लिहिलं. सुरुवात निळ्या शाईत, मधला भाग हिरव्या आणि शेवटचे दोन शब्द लाल. रंगांना काही अर्थ नव्हता. निळी संपली, मग हिरवी संपली. अब्बांच्या आयुष्यात ज्यांना काहीच अर्थ नव्हता अशा मोजक्या गोष्टींपैकी ती एक. बाकी दिसेल त्या वस्तूचा अर्थ शोधून तो पाठकोऱ्या कार्डावर लिहून ठेवणं हा त्यांचा सतरा वर्षांचा उद्योग होता.

आम्ही पिठाच्या गिरणीच्या वर राहत होतो, आणि आमच्याही वर अब्बांच्या लिहिण्याची माडी होती. सकाळी सातला खाली पट्टा फिरायला लागला की वर कपबशा बोलायला लागायच्या. जोंधळा चालू आहे की गहू हे मला आवाजावरून कळायचं, आणि मिरची दळायला आली की सगळ्या घराला कळायचं. पीठ फटीफटीतून वर यायचं. अम्मी दिवसातून तीनदा झाडायची आणि तीनदा म्हणायची, "या घरात एक दिवस ओलं फडकं फिरवलं तर भाकरी थापता यील." संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हशी यायच्या, लोक पेले घेऊन धारेच्या दुधासाठी उभे राहायचे, आणि पलीकडच्या तालमीत कुणीतरी हलगी तापवून बघायचं. या सगळ्या आवाजात अब्बा फारसी वाचायचे, तेही मोठ्यानं. मनात वाचलेली कविता त्यांना चोरून खाल्ल्यासारखी वाटायची.

अब्बा हायस्कुलात फारसीचे मास्तर होते. त्यांच्या वर्गात फारसीच्या ओढीनं आलेलं मूल मी तरी पाहिलं नाही. मार्क चांगले पडतात म्हणून मुलं यायची. त्यांतला सगळ्यात हुशार जयपाल मगदूम, जयसिंगपूरच्या जैन घरातला. जुन्या सूफी कवितेत मद्य म्हणजे ईश्वरी ज्ञान, साकी म्हणजे ते देणारा गुरू, मदिरालय म्हणजे साधनेची जागा, हे त्याला झोपेतून उठवलं तरी येत होतं. त्याच्या आईनं मात्र हा धडा घरात पाठ करायला बंदी केली होती, म्हणून तो परसात लिंबाखाली उभा राहून दारूचे अर्थ घोकायचा. मार्क उत्तम पडले. पुढे तो पुण्याला औषधनिर्माणशास्त्र शिकायला गेला, आणि त्याच्या वर्गात चार-पाच इराणी विद्यार्थी निघाले. अब्बांच्या आयुष्याला वळण लागलं ते तिथून.

त्याआधी अब्बांची फारसी सहाशे वर्षांपूर्वी थांबलेली होती. गुलाब, बुलबुल, शमा, परवाना, पेला. जयपाल सुट्टीला येताना त्या इराणी पोरांकडची जुनी मासिकं, पत्रकं, कॅसेटच्या पुठ्ठ्यावर छापलेली गीतं आणायला लागला आणि अब्बांना कळलं की तिकडे लोक अजून कविता करतात, आजच, आणि त्यातली निम्मी भक्तीची. पण खुणा बदलल्या होत्या. पेला गेला होता. त्याच्या जागी यास आली होती, म्हणजे चमेली. ती पैगंबरांच्या लेकीची खूण. नर्गिसाचं फूल आणि शुक्रवारची कलती दुपार म्हणजे अजून न आलेल्या इमामाची वाट. कबुतरं आणि हरणं आली की समजायचं, कवी मशहदच्या दर्ग्याच्या अंगणात उभा आहे. सफरचंदाचा वास आला की करबला. लाल लाला, म्हणजे ट्यूलिप, कोवळ्या वयात शहीद झालेल्याची. आम्ही सुन्नी, तिकडचे कवी शिया. पण करबलाचं दुःख आमच्या गल्लीत कुणी वाटून घेतलं नव्हतं. मोहरमचे पंजे तालमीत बसायचे आणि त्यांच्यापुढे ऊद जाळणाऱ्यांत निम्मे पाटील आणि जाधव असायचे.

मी दोन-तीन वर्षांची असल्यापासून अब्बा जुन्या कवितेतल्या खुणांचा कोश करत होते; आता त्यात या नव्या खुणा भरायला घेतल्या. कार्डं विकत आणायची ऐपत असूनही त्यांना ते उधळेपण वाटायचं. म्हणून गावभरच्या लग्नपत्रिका गोळा व्हायच्या. पत्रिकेचा कोरा भाग कापून त्यावर एक खूण, तिचा अर्थ आणि ती कुठे सापडली ते. त्यामुळे एका बाजूला 'नर्गिस: प्रतीक्षा' आणि उलटून पाहिलं तर कुणा मलकापूरच्या चिरंजीवांचं अर्धं नाव आणि 'आग्रहाचे निमंत्रण'. कार्डं बुटांच्या खोक्यांत राहायची. नातेवाइकांना हे माहीत झालं होतं. लग्नाला बोलावताना लोक म्हणायचे, "मास्तर, पत्रिका जाड कागदाची काढलीया, बघा."

आता साठी ओलांडल्यावर मला वाटतं, अब्बांना देवापेक्षा कोशावर जास्त विश्वास होता. हे मी त्यांच्या हयातीत बोलले नाही. ते नमाजी होते आणि माझ्यापेक्षा चांगले होते. पण प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे दुसरी वस्तू असतेच, या खात्रीनं वावरणाऱ्या माणसाबरोबर घरात राहणं थकवणारं असतं. अम्मी भाजीत मीठ विसरली की तीही कुणाची तरी खूण असायची. अम्मी नेसरीकडची. ती म्हणायची, "खूण न्हाय, विसरले. माणूस विसरतंय की."

मी एकोणीस वर्षांची असताना शाळेनं फारसी बंद केली. अब्बांना निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं भूगोल शिकवायला दिला. त्यांनी तक्रार केली नाही, पण घरी मोठ्यानं वाचणं थांबवलं. गिरणीचा आवाज आम्हाला पहिल्यांदाच नीट ऐकू यायला लागला. त्याच सुमाराला गावातल्या एका ट्रस्टनं कोश छापायचा विचार दाखवला. ट्रस्टचे अध्यक्ष हे मोठं प्रस्थ होतं; गावात कुठेही शाल आणि नारळ दिसला की त्यामागे ते असायचे. त्यांना फारसी येत नव्हती, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. त्यांनी अब्बांना सांगितलं, "मास्तर, एक व्याख्यान ठेवू. समितीची माणसं बसतील. ऐकून ठरवतील. आणि एक करा. प्रत्यक्ष इराणचा माणूस आणा स्टेजवर. त्यानं वजन पडतंय." अब्बांनी जयपालला पत्र टाकलं. मला त्यांनी एवढंच सांगितलं: "हे झालं न्हाय तर नसीम, ही खोकी रद्दीवाल्यालासुद्धा चालायची न्हाईत. कागद दोन्हीकडनं लिहिलाय."

जयपालनं आणलेल्या इराणी पाहुण्याचं नाव बेहरूज. वय बावीस-तेवीस, उंच, गाल बसलेले. अब्बांना विद्वान हवा होता. हा जयपालबरोबर गोळ्यांची रासायनिक सूत्रं पाठ करणारा मुलगा होता. तरी तो दारात उभा राहिला तेव्हा अब्बांचे डोळे लकाकले, कारण त्याच्या अंगात शोकाचा काळा शर्ट होता. मोहरमचा सहावा दिवस होता तो, बाहेर पावसाची झिमझिम, आणि व्याख्यान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत अम्मी मटण शिजवत नसे. त्यामुळे पाहुण्यासाठी झुणका, भाकरी, आख्ख्या मसुराची आमटी, वाटीभर दही, आणि नवसाचे म्हणून केलेले चोंगे. गूळ घालून केलेली, वर बोटांनी नक्षी उठवलेली जाड गोड रोटी. ताटाच्या डाव्या बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण घालून, तव्यावरच वाटलेला. आमच्याकडे ठेचा ताटात टाकतात तो भाकरीचा तुकडा टेकवायला. बेहरूजच्या घरी, हे मला नंतर कळलं, जेवणात कच्च्या हिरव्या पाल्याची थाळी असते, आणि ती मूठमूठ खातात. त्यानं ठेचा चमच्यात भरभरून घेतला आणि अम्मीकडे बघून अदबीनं हसत तोंडात घातला.

"अगं बाई," अम्मी म्हणाली.

पुढचं मिनिट मला अजून स्पष्ट दिसतं. बेहरूज हलला नाही. त्याचे कान लाल झाले, मग मान. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गालांवरून हनुवटीपर्यंत. जयपाल ओरडला, "दही घे, दही!" पण बेहरूजनं समोरचा पाण्याचा तांब्या उचलला, पेल्यात ओतलं, पेला ओठांशी नेला. आणि थांबला. पाण्याकडे पाहिलं. पेला हळूच खाली ठेवला. थोड्या वेळानं, ते सहन होईना तेव्हा, पुन्हा उचलला, पुन्हा ओठांपर्यंत नेला, पुन्हा ठेवला. मग दोन्ही हातांनी दह्याची वाटी तोंडाला लावली.

अब्बांच्या हातातला घास तसाच राहिला होता. त्यांनी काय पाहिलं ते समजायला करबलाची एक गोष्ट माहीत असावी लागते. इमाम हुसेनांच्या तळावर पाणी बंद झालेलं, तंबूत पोरं तहानेनं रडत होती. त्यांचे भाऊ अब्बास पखाल घेऊन नदीपर्यंत पोहोचले. स्वतः तीन दिवसांचे तहानलेले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, ओठांशी नेलं, तंबूतली पोरं आठवली, आणि ओंजळ परत नदीत सोडली. पखाल भरली. परतताना ते मारले गेले, हात तुटले, पखालीला बाण लागला. फारसीतले आजचे भक्तिकवी दर वर्षी या ओंजळीकडे परत येतात. रिकामी पखाल, न प्यालेलं पाणी, तुटलेले हात. अब्बांच्या खोक्यात त्या एका ओंजळीची एकोणचाळीस कार्डं होती. आणि आता मोहरममध्ये, काळ्या शर्टातला, डोळ्यांतून पाणी गळणारा एक इराणी मुलगा त्यांच्या घरात, त्यांच्या पेल्यातलं पाणी दोनदा ओठांशी नेऊन खाली ठेवत होता. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर भरून आलं. अम्मीला आलं नाही.

"पाणी का पीत न्हाय त्यो?" ती म्हणाली. "मी काय इख घातलंय काय त्यात?"

"चूप," अब्बा कुजबुजले. "तुला कळायचं न्हाय." ते हात न धुताच माडीवर गेले.

मी मोरीजवळ बेहरूजच्या हातावर पाणी ओतत होते. आमचं बोलणं इंग्रजीत. त्याचं तिकडे मोडलेलं, माझं इकडे. त्यानं आधी अम्मीच्या स्वयंपाकाची तारीफ केली, मग आवाज खाली आणून विचारलं, हे पाणी उकळलेलं आहे का. मी म्हटलं, नाही, नळाचं आहे, फडक्यानं गाळलेलं. तो ओशाळला. पुण्यात त्याच्या खोलीतला मित्र काविळीनं दीड महिना अंथरुणाला खिळला होता. आणि येताना बसमध्ये जयपालनं बजावलं होतं की पावसाळ्यात आमच्या गावात कावीळ असते, काहीही झालं तरी पाणी पिऊ नको. दोनदा विसरून पेला उचलला, दोनदा आठवलं. कुणाचा अपमान करायचा नव्हता.

मी त्याला चहा दिला. तो चार कप प्याला. अम्मी दारातून बघत होती. "आता कसा ढोसतोय बघ," ती मराठीत म्हणाली. मी तिला कारण सांगितलं. काविळीपेक्षा तिला तिच्या हंड्याचा अपमान जास्त लागला. "रोज चिंचेनं घासतीया मी हंडा," एवढं बोलून ती वळली.

मी माडीवर गेले. अब्बांनी महिनाभर खपून केलेलं भाषण फाडून बाजूला टाकलं होतं आणि नवं लिहायला घेतलं होतं. शाई हिरवी झालेली होती. मी म्हटलं, "अब्बा, त्या पाण्याचं..." त्यांनी मान वर न करता बोट उचललं. शाळेत ते बोट उचललं की वर्ग गप्प व्हायचा. शाळेतली फारसी बंद पडली होती, पण बोट चालू होतं. मग त्यांनी लिहिलेलं वाक्य मोठ्यानं वाचून बघितलं. कित्येक महिन्यांनी ते घरात मोठ्यानं वाचत होते. मी खाली आले.

जयपाल कट्ट्यावर उभा होता. मी त्याला विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, "सांगू नको. उद्या भाषण दणक्यात हुईल. समिती हो म्हणंल. पुस्तक छापून आलं की सांग."

"छापून आल्यावर सांगून काय उपयोग?"

"तवा कोण वाचतंय?" जयपाल म्हणाला. हा अब्बांचा सर्वोत्तम विद्यार्थी.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. खरं तर अर्धंच, पण अध्यक्षांच्या माणसांनी मागच्या खुर्च्या काढून ठेवल्या होत्या. दाराशी पाण्याचं स्टीलचं पिंप, त्यावर साखळीनं बांधलेला पेला. अब्बांनी बोहल्यावर चढणाऱ्यासारखी शेरवानी घातली होती. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. त्यात फारसीबद्दल एक वाक्य आणि ट्रस्टच्या इमारतीबद्दल वीस मिनिटं होती. बेहरूजला पहिल्या रांगेत बसवलं आणि त्याला इंग्रजीत सांगायला म्हणून शेजारी मला.

अब्बा चांगलं बोलले. आधी चमेली, नर्गिस, कबुतरं. जुन्या कवितेत प्रियकराला मरायची घाई असते, आजच्या भक्तिकवितेत वाट बघायची ताकद असते, असं ते म्हणाले, आणि ते मला अजूनही खरं वाटतं. कोपऱ्यातला एक तालमीचा म्हातारा पैलवान प्रत्येक वाक्याला "व्हय व्हय" म्हणत होता. मग पखाल आली, ओंजळ आली, आणि अब्बांचा आवाज खाली गेला. "काल," ते म्हणाले, "माझ्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत..."

लोक वळून बेहरूजकडे बघायला लागले. त्यानं मला विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलतायत का?"

मला खोटं सांगता आलं असतं. ते तुझे आभार मानतायत, एवढं पुरलं असतं. पण अब्बांच्या घरात वाढल्याचा एक तोटा असा की मजकूर बदलायला जीभ वळत नाही. मी शब्दन् शब्द सांगितला. तो आधी हसला, मग हसू मावळलं.

"पण तुला तर मी सांगितलं होतं."

"हो."

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

समोर अब्बा बोलत होते. मी म्हटलं, "त्यांचं पुस्तक या भाषणावर ठरणार आहे. सतरा वर्षांचं काम आहे."

बेहरूज म्हणाला, "ते पाणी अब्बासचं आहे. माझी आई या दिवसांत ते नाव घेतलं तरी रडते. मी पोट बिघडेल म्हणून पेला ठेवला. मी ते नाव अंगावर घेऊन तिला तोंड कसं दाखवू?"

मी पाहुण्याला सजावटीचा समजत होते, ट्रस्टच्या अध्यक्षांसारखीच. त्या सभागृहात कवितेतली खूण ज्याच्या घरची होती असा तो एकटाच होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी जाहीर केलं, "आता इराणचे थोर पाहुणे दोन शब्द बोलतील." बेहरूज वर गेला. त्यानं इंग्रजी सोडून फारसीत बोलायला सुरुवात केली. ते अब्बांसाठी होतं, हे मला लगेच कळलं. सभागृहात फारसी समजणारे अब्बा, जयपाल आणि अर्धीमुर्धी मी. बेहरूज हळू बोलत होता, माफी मागताना बोलतात तसा. लोक ऐकत होते, फारसीच्या गोडव्यानं माना डोलावत होते. पैलवान "व्हय व्हय" म्हणत होता. अब्बांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले. बेहरूज थांबला. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "वा! मास्तर, काय म्हणाले ते? जरा मराठीत सांगा सगळ्यांना."

जयपालनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्या मनात एकच होतं: अब्बांना काहीही सांगता येईल. पाहुण्यांनी करवीरनगरीचे आभार मानले, एवढं म्हटलं तरी प्रकरण मिटलं असतं. समितीची पाच माणसं समोर बसली होती.

अब्बांनी चष्मा काढला, शेरवानीच्या टोकानं पुसला, परत घातला. वर्गात धडा सांगायचा तो आवाज लावला.

"पाहुणे म्हणतात," ते म्हणाले, "मास्तरांनी माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं नाही. मी पाणी प्यालो नाही याचं कारण श्रद्धा नव्हती. ते पाणी उकळलेलं नव्हतं, आणि मला काविळीची भीती वाटली." इथे ते थांबले. "पुढे ते म्हणतात, माझ्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा भक्तीचं नव्हतं. मी मिरचीचा ठेचा पालेभाजी समजून चमचाभर खाल्ला." पुन्हा थांबले. "ते म्हणतात, हजरत अब्बासांच्या पाण्याशी माझ्या पेल्याची बरोबरी होऊ नये. यासाठी त्यांनी माझी माफी मागितलीय. वास्तविक ती मी मागायला हवी. मागतो."

ते खाली बसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "चमचाभर?" आणि पैलवान हसला, एखादं पोतं फाटावं तसा, आणि सगळं सभागृह हसायला लागलं. कुणाच्याही हसण्यात वाईट काही नव्हतं. पण ते हसू अब्बांवरून वाहत गेलं, आणि मला वाटलं, संपलं.

मी अध्यक्षांना कमी लेखलं होतं. ते उठले, शाल सावरली, माइक जवळ ओढला. त्यांना समारोप करायचा होता आणि समारोप काय करायचा हे त्यांनी आधीच ठरवलेलं असणार. मध्ये घडलेल्या गोष्टींनी त्यात फरक पडू द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "मित्रहो," ते म्हणाले, "पाहुणे विनयानं काय बोलले ते ओळखा. कावीळ! कावीळ म्हणजे काय? पिवळा रंग. पिवळा रंग कशाचा? पानगळीचा. पानगळ म्हणजे या नश्वर जगाचा क्षय. तो क्षय या तरुणानं ओठांपाशी अडवला! आणि ठेचा..." इथे त्यांनी वरच्या पंख्याकडे बघितलं. "ठेचा म्हणजे संसाराचा दाह." टाळ्या पडल्या, अब्बांच्या भाषणाला पडल्या त्याहून जास्त. समितीतले एकजण वहीत काहीतरी लिहून घेत होते. अब्बांनी डोळे मिटून घेतले. सतरा वर्षं जी रीत त्यांनी जपली होती, ती दुसऱ्याच्या तोंडून कशी ऐकू येते हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

कोश छापायचा ठराव एकमतानं झाला.

घरी आम्ही चालत आलो. जयपाल आणि बेहरूज पुढे. पाऊस थांबला होता. कोपऱ्यावर अब्बा थांबले. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"पाहुण्यांच्या हातावर पाणी घालताना."

"म्हणजे मी लिहायच्या आधी." ते थोडं पुढे चालले. "मी कधी मजकुरात पदरचं घातलं न्हाय, नसीम. अक्षर लागलं न्हाय तर जागा कोरी सोडली. काल तू मला घालू दिलंस."

मी म्हटलं, तुम्ही किती दिवसांनी मोठ्यानं वाचत होता. मी त्यांच्याकडून आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, बहुतेक विसरले. 'काल तू मला घालू दिलंस' हे वाक्य बोलणं म्हणून बोललेलं नव्हतं, म्हणून राहिलं. नंतर मी पोटापाण्यासाठी भाषांतरं केली, कोर्टातली, दवाखान्यांतली, दोन पुस्तकं. प्रत्येक वेळी गोड वाटेल असा शब्द सुचला की तो मी खोडते. लोक याला माझी शैली म्हणतात.

बेहरूज दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. निघताना अब्बांनी त्याला शेजारी बसवून अब्बासांवरच्या त्याला पाठ असलेल्या ओव्या म्हणायला लावल्या, त्याच्या आईच्या तोंडच्या, कुठे न छापलेल्या. दीड तास. त्यांनी अकरा नवी कार्डं केली आणि यावेळी प्रत्येक अर्थ त्याला विचारून लिहिला. तीन ठिकाणी तो म्हणाला, याचा अर्थ मला माहीत नाही, आई म्हणते म्हणून मी म्हणतो. अब्बांनी तिथे तसंच लिहिलं: आई म्हणते.

कोश दोन वर्षांनी निघाला. अध्यक्षांची प्रस्तावना सगळ्यात लांब आहे आणि तिच्यात पानगळ आणि संसाराचा दाह दोन्ही आहेत. 'पाणी, ओठांशी आणून ठेवलेलं' या नोंदीखाली तळटीप आहे: या खुणेचं एक उदाहरण संकलकानं प्रत्यक्ष पाहिल्याचं जाहीर केलं होतं, ते चुकीचं होतं. जयपालचा अंदाज बरोबर ठरला. ती तळटीप वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

अम्मी व्याख्यानाला आली नव्हती. तिथे काय झालं ते तिनं आमच्याकडून एकदा ऐकून घेतलं, ठेच्याचा भाग दोनदा. तिनं कुणाला दोष दिला नाही आणि कशाचाही अर्थ लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पाणी उकळायला लागली. आमचा सिलिंडर दर महिन्याला तीन दिवस आधी संपायला लागला.